दुबईत चाललेलं पाकीट कॅसाब्लांकात चालेल का?

वाचकाचं पत्र : तासगाव तालुक्यात मी आणि माझे दीर मिळून हळद दळायचा आणि कांदा-लसूण मसाल्याचा छोटा कारखाना चालवतो. दुबईतल्या एका मराठी किराणा दुकानदाराला आमचा थोडा थोडा माल जातो. आता तिथल्याच एका व्यापाऱ्याच्या ओळखीने मोरोक्कोतल्या कॅसाब्लांकाहून मागणी आली आहे. हळद आणि मसाला मिळून एक कंटेनर, पैसे माल पोचल्यावर ९० दिवसांनी, आणि संपूर्ण उत्तर आफ्रिकेची एजन्सी फक्त त्यांनाच. दुबईचा व्यापारी म्हणतो, माल त्याच्याकडून वळवला तर मोरोक्कोत कर वाचेल. दीर म्हणतात, अरब सगळीकडे सारखेच, दुबईचं पाकीट तिथेही चालेल. पार्टीने मात्र ‘आम्ही सूसचे अमाझिग़ आहोत’ असं लिहिलं आहे. हे लोक कोण? होकार द्यावा का?
– एक वाचक, तासगाव

ताई, हळदीला मोरोक्कोत जागा आहे आणि ही मागणी खरी असू शकते. पण आलेल्या अटींवर होकार देऊ नका. फक्त हळद, तीही पोत्यांत, थेट न्हावा शेवाहून कॅसाब्लांकाला, पैसे बँकेमार्फत, आणि एजन्सीचा विषय पहिल्या तीन खेपांनंतर, असा तुमचा स्वतःचा प्रस्ताव पाठवा.

त्याआधी दुबईचं एक काम आजच करा. तुमच्या कांदा-लसूण मसाल्यात खसखस आहे का? घाटावरच्या बहुतेक घरांच्या मसाल्यात ती असते. संयुक्त अरब अमिरातीत खसखस प्रतिबंधित आहे, सौदी अरेबियातही. अफूच्या झाडाचं बी म्हणून तिथे तिच्याकडे अमली पदार्थांच्या कायद्याने पाहतात, आणि मसाल्यात ती चिमूटभरच आहे हा बचाव उपयोगी पडत नाही. खसखस असूनही आजवर माल सुटला असेल तर तो तपासणीत सापडला नाही म्हणून. सापडला तर अडकेल तो तुमचा दुकानदार, कारण आयातदार म्हणून कागदावर नाव त्याचं आहे. निर्यातीच्या मसाल्यातून खसखस काढा, घटकांची यादी नव्याने छापा, आणि ज्या चक्कीत खसखशीचा मसाला दळला जातो तिच्यात परदेशी जाणारा माल दळू नका. खसखशीच्या जागी तीळ वाढवणार असाल तर ते ॲलर्जी करणाऱ्या घटकांत मोडतात, म्हणून यादीत ठळक लिहावे लागतील. दुकानात आधी गेलेला मालही परत मागवा किंवा त्याला तो काढून टाकायला सांगा.

आता तुमच्या पार्टीबद्दल. उत्तर आफ्रिकेत अरब पोचण्याच्या फार आधीपासून राहणारे लोक म्हणजे अमाझिग़. जुन्या पुस्तकांत त्यांना बर्बर म्हटलेलं आढळतं. तुमच्या पत्रांत तो शब्द येऊ देऊ नका, अनेकांना तो खटकतो. मोरोक्कोने २०११ च्या राज्यघटनेत अमाझिग़ भाषेला अरबीच्या जोडीने अधिकृत दर्जा दिला, अल्जीरियाने २०१६ मध्ये. उत्तरेला रीफच्या डोंगरांत, मधल्या ॲटलासमध्ये आणि दक्षिणेच्या सूस भागात या भाषेची वेगवेगळी रूपं बोलतात. सूस म्हणजे अगादीर, तिझनित, ताफ्राउत हा पट्टा. कॅसाब्लांकाच्या गल्लीबोळांतली किराणा दुकानं मोठ्या प्रमाणावर याच पट्ट्यातून आलेल्या कुटुंबांची आहेत. भाऊ-चुलतभाऊ आळीपाळीने गल्ल्यावर बसतात, काही महिने शहरात आणि काही महिने गावी. गिऱ्हाइकाची उधारी वहीत असते आणि माल शक्यतो आपल्याच खोऱ्यातल्या घाऊक व्यापाऱ्याकडून भरला जातो. अल्जीरियात ग़र्दायाजवळच्या म्ज़ाब खोऱ्यातले व्यापारी, ट्युनिशियात जेर्बा बेटावरचे दुकानदार, यांची घडणही अशीच आहे.

तुमच्या व्यवहारावर याचा थेट परिणाम होतो. अशा पार्टीला माहितीपत्रक आणि पारितोषिकं दाखवून फारसं काही मिळत नाही. तुम्हाला ओळखणारं कोण आहे, हे ती विचारते. दुबईच्या दुकानदाराचं पत्र, सांगली मार्केट यार्डातल्या ज्या अडत्याकडून तुम्ही हळद घेता त्याचा फोन नंबर, बँकेचा दाखला, एवढं पहिल्याच उत्तराबरोबर पाठवा. पार्टीचा विश्वास बसला तर तिच्यामागे दुकानांची अख्खी साखळी असते. आणि एक खेप खराब निघाली तर ती बातमीही त्याच साखळीतून फिरते, म्हणून पहिल्या कंटेनरमध्ये हातचा राखून माल भरू नका.

मसाला मात्र या कंटेनरमधून काढाच. मोरोक्कोचं जेवण सुगंधी आहे, तिखट नाही. ताजीन (मंद शिजवलेला रस्सा) आणि हरीरा (दाट सूप) या त्यांच्या रोजच्या पदार्थांत हळद, सुंठ पूड, जिरं, मिरी, दालचिनी आणि गोड पाप्रिका लागते. तिखटाची खरी आवड ट्युनिशियात आहे, हरिसा या मिरचीच्या चटणीमुळे. मिश्र मसाला म्हणजे रास एल हानूत, आणि तो प्रत्येक मसालेवाला आपापल्या हाताने जुळवतो. कांदा-लसूण मसाल्याला त्या स्वयंपाकघरात कामच नाही. पार्टीने तो मागितला असेल तर बहुधा तुमच्या यादीत दिसला म्हणून. जिरं सुचवायचं असेल तर ‘तुमच्यापेक्षा चांगलं’ असं म्हणू नका; आग्नेय मोरोक्कोतल्या अल्निफच्या जिऱ्याचा तिथे मोठा मान आहे, आणि तो अमाझिग़ मुलूख आहे. हळदीच्या बाबतीत अशी स्पर्धा नाही. ताल्युइनचं केशर महाग, रोजच्या रश्शाला पिवळेपणा हळदच देते. कुणी सुचवलं तर आपला काळा चहाही पाठवू नका; तिथे पुदिन्याबरोबर उकळतात तो चीनमधून येणारा गनपावडर ग्रीन टी.

हळद कोणत्या रूपात पाठवायची? माझं मत, पहिल्या खेपेला हळकुंड. घाऊक मसालेवाल्याला हळकुंड तोडून, हुंगून, आतला रंग पाहून भाव ठरवता येतो. पुडीवर तो संशय घेतो आणि ते रास्त आहे, कारण हळद पूड चमकवायला लेड क्रोमेट हा शिशाचा विषारी पिवळा रंग मिसळणारे लोक या धंद्यात आहेत. गड्डा (मूळ कंद) आणि कणी (तुकडे) वेगळी काढा, एका पोत्यात मिसळलेली दिसली की भाव पाडला जातो. ओलावा १० टक्क्यांच्या आत ठेवा. शिजवण कमी-जास्त झालेला माल वरून पॉलिश करून सारखा दिसतो, पण तोडल्यावर मध्ये फिकट कडी दिसते. भरणीआधी दर दहा पोत्यांतून मूठभर हळकुंडं तोडून पाहा. पूडच हवी असा आग्रह धरला तर ६० मेशच्या चाळणीतून गाळलेली, आत प्लास्टिकचं अस्तर असलेल्या २५ किलोच्या कागदी पोत्यांत. हळकुंडालाही २५ किलोचंच पोतं बरं, कारण तिकडे छोट्या दुकानदाराला ते अख्खं विकता येतं. २० फुटी कंटेनरमध्ये भरणीनुसार साधारण १४ ते १८ टन बसतात. करारात नेमका आकडा लिहून पुढे पाच टक्के कमी-जास्तची मुभा घ्या.

तपासणी एनएबीएल मान्यतेच्या प्रयोगशाळेत करा : शिसं, अफ्लाटॉक्सिन (बुरशीचं विष), कीटकनाशकांचे अंश, साल्मोनेला हे जंतू. पार्टीला विचारा, हा माल पुढे युरोपात जाणार आहे का? जात असेल तर युरोपची मर्यादा पाळावी लागेल. हळदीसाठी अफ्लाटॉक्सिन बी-१ किलोला ५ मायक्रोग्रॅम आणि एकूण अफ्लाटॉक्सिन १० मायक्रोग्रॅम. नमुना शेतकऱ्याच्या एका पोत्यातून नव्हे, जो लॉट जाणार त्याच्यातून घ्या. त्याचे तीन सीलबंद भाग करा : एक प्रयोगशाळेला, एक कुरिअरने पार्टीला, एक स्वतःकडे. मंजुरी कुरिअरने गेलेल्या नमुन्यावर आणि लॉट नंबरसह लेखी मिळवा.

भरणीच्या दिवशी रिकाम्या कंटेनरमध्ये उभं राहून दार आतून लावून घ्या. कुठून उजेड दिसला तर तो कंटेनर परत पाठवा. तळाची लाकडी फळी ओली असेल तरी परत. समुद्रावर दिवसा तापणं आणि रात्री गार होणं चालूच राहतं, छताला पाणी सुटतं आणि वरच्या पोत्यांवर ठिबकतं. क्राफ्ट कागदाचं अस्तर आणि ओलावा शोषणाऱ्या पिशव्या यांचा खर्च कापू नका. पॅलेट लाकडाचे असतील तर ५६ अंशांवर ३० मिनिटं तापवलेले आणि तसा शिक्का असलेलेच घ्या. हा शिक्का नाही म्हणून उत्तम माल बंदरात अडकून पडतो.

पाकिटाचा प्रश्न पोत्याने निम्मा सुटला, पण पोत्यालाही लेबल लागतंच, आणि मोरोक्कोत ते अरबीत असणं बंधनकारक आहे. जोडीला दुसरी भाषा ठेवायची तर फ्रेंच ठेवा. बँक, बंदर, क्लिअरिंग एजंट सगळे फ्रेंचमध्ये काम करतात; इंग्रजी ही आखाताची सोय. मालाचं नाव, मूळ देश, निव्वळ वजन, लॉट नंबर, तयार केल्याची आणि मुदत संपण्याची तारीख, आयातदाराचं नाव-पत्ता हे सगळं त्यात येतं. अरबी मजकूर इंटरनेटवरून भाषांतरित करू नका, पार्टीकडूनच घ्या. तो सांगलीच्या डीटीपीवाल्याकडे गेला की खरी गडबड होते. साध्या डिझाइन प्रोग्राममध्ये अरबी चिकटवली तर अक्षरं सुटी होतात आणि ओळ उलटी, डावीकडून उजवीकडे छापली जाते. आपल्याला ते दिसत नाही, वाचणाऱ्याला अगम्य होतं. छपाईआधी प्रूफचा फोटो पार्टीला पाठवा आणि ‘बरोबर आहे’ असं लेखी घ्या. मोरोक्कोत आकडे आपल्या इंग्रजी कॅलेंडरवर असतात तेच वापरतात. आखातातल्या पाकिटांवर पाहिलेले अरबी वळणाचे आकडे इथे छापायचे नाहीत. तारीख दिवस-महिना-वर्ष या क्रमाने. आणि आखातासाठी लक्षात ठेवा, तिथे दोन्ही तारखा मूळ छपाईतच हव्यात, वरून चिकटवलेली मुदत चालत नाही.

चित्रांबद्दल जास्त सांभाळा. तुमच्या पाकिटावर गणपती किंवा लक्ष्मी असेल तर सौदीसारख्या बाजारात अडचण येते; निर्यातीसाठी फक्त हळकुंडाचं चित्र असलेलं वेगळं डिझाइन करा. नक्षीतला षट्कोनी तारा आपल्याकडे रांगोळीचा, तिकडे तो इस्रायलच्या झेंड्यावरचा तारा म्हणून वाचला जातो. कोणत्याही देशाचा झेंडा छापू नका. सौदीच्या झेंड्यावर कलमा आहे, आणि फाटून कचऱ्यात जाणाऱ्या पोत्यावर तो असणं हा अपमान समजला जातो. सगळ्यात महत्त्वाचं, नकाशा नको. पश्चिम सहारा वेगळा दाखवलेला मोरोक्कोचा नकाशा तिथे चालत नाही, आणि एकत्र दाखवलेला अल्जीरियात चालत नाही. अमाझिग़ पार्टीला आनंद व्हावा म्हणून त्यांच्या भाषेच्या तिफिनाग़ लिपीतली अक्षरं शोभेला टाकण्याचा मोह होईल. त्यांच्या झेंड्यावरचं दोन्ही हात उंचावलेल्या माणसासारखं अक्षर हे ओळखीच्या चळवळीचं चिन्ह आहे. ते वापरायचं की नाही हे पार्टीने ठरवावं, तुम्ही नव्हे.

दुबईमार्गे माल वळवण्याचा सल्ला मुळीच ऐकू नका. अरब देशांच्या मुक्त व्यापार क्षेत्रात करसवलत मिळते ती तिथे तयार झालेल्या मालाला, आणि त्यासाठी स्थानिक मूल्यवर्धन किमान ४० टक्के लागतं. तासगावची हळद दुबईत पोतं बदलून अमिरातीची होत नाही. तसा दाखला बनवला तर ती मूळ देशाबद्दलची फसवणूक ठरते, दंड आयातदाराला बसतो आणि त्याच्या कॅसाब्लांकातल्या बाजारात तुमचं नाव निघतं. भारत आणि मोरोक्को यांच्यात सवलतीचा व्यापार करार नाही, म्हणून नियमित दराने शुल्क धरूनच भाव लावा. अमिरातीशी आपला करार १ मे २०२२ पासून लागू आहे, पण तो तुमच्या दुबईच्या खेपांसाठी. त्याचा मूळ-देश दाखला काढता की नाही, तेवढं मात्र पाहा. दुबईच्या व्यापाऱ्याने ओळख करून दिली त्याबद्दल त्याला दलाली द्यायची असेल तर टक्केवारी आणि किती खेपांपर्यंत हे लिहून ठेवा, आणि ती पैसे आल्यावरच.

‘संपूर्ण उत्तर आफ्रिकेची एजन्सी’ हे शब्द करारात येऊ देऊ नका. मोरोक्को आणि अल्जीरिया यांची जमिनीवरची सीमा १९९४ पासून बंद आहे आणि अल्जीरियाने २०२१ च्या ऑगस्टमध्ये राजनैतिक संबंधही तोडले. २०२४ च्या जानेवारीत तिथल्या बँकांना सूचना गेली की मोरोक्कोच्या बंदरातून वळलेल्या मालाच्या आयातीची नोंद करू नका. म्हणजे कॅसाब्लांकाचा माणूस तुमचा माल अल्जीयर्सला विकू शकणार नाही, पण करारामुळे तुम्हालाही विकू देणार नाही. उद्या अल्जीरियातल्या बेजाया बंदराची मागणी आली तर मालवाहू कंपनीला विचारा, जहाज मोरोक्कोच्या तांजेर मेड बंदराला थांबतं का. थांबत असेल तर दुसरा मार्ग घ्या. इजिप्तचं वेगळंच आहे : तिथे ऑक्टोबर २०२१ पासून जहाज निघण्याआधी आयातदाराने घेतलेला एसीआयडी हा आगाऊ नोंदणीचा क्रमांक कागदांवर लागतो. एका पार्टीच्या पाठीवर हे सगळे देश बसवणं शक्य नाही. हवं तर तीन खेपा वेळेवर घेतल्यावर फक्त मोरोक्कोसाठी, एका वर्षासाठी आणि ठरावीक टनांच्या अटीवर एजन्सी द्या. तेवढे टन उचलले नाहीत तर एजन्सी आपोआप संपते हे वाक्य करारात हवंच.

आता पैसे. ९० दिवसांच्या उधारीवर पार्टी हुंडी स्वीकारते, बँक तिला कागद देते, माल सुटतो, आणि तीन महिने तुमच्या हातात फक्त सही असते. अनोळखी माणसाबरोबर हे करू नका. नकार मात्र सभ्य ठेवा. त्यांच्याकडे उधारी ही नात्याची खूण आहे, आणि ‘तुमच्यावर विश्वास नाही’ असा अर्थ निघाला तर गोष्ट तिथेच संपते. ‘आमच्या बँकेचा पहिल्या व्यवहारासाठी असा नियम आहे, पुढे वाढवता येईल’ असं लिहा. मागणी करा ती साईट एलसीची, म्हणजे कागद दाखवताच पैसे देण्याच्या बँकेच्या हमीची, आणि तीही मोठ्या बँकेची. तिचा खर्च पार्टीला जड वाटला तर काही रक्कम आगाऊ आणि उरलेली कागदांवर रोख, म्हणजे पैसे भरल्याशिवाय बँक मूळ बिल ऑफ लेडिंग (जहाज कंपनीची मालाची पावती) देत नाही. मोरोक्कन दिरहॅम मुक्तपणे बदलता येत नाही. परकी चलनावर तिथल्या विनिमय कार्यालयाचं नियंत्रण आहे आणि आयातदाराला बँकेत आयातीची नोंद करावी लागते. आगाऊ रकमेला मर्यादा असतात, म्हणून ‘अर्धे पैसे उद्या पाठवतो’ म्हणणाऱ्याला बँकेचं नाव आणि आयात नोंदीचा क्रमांक विचारा. खरा व्यापारी लगेच देतो.

पार्टी खरी आहे का हे तपासायला दोन गोष्टी मागा : व्यापार नोंदणी क्रमांक आणि आयसीई हा कंपनीच्या ओळखीचा १५ अंकी क्रमांक. कंपनीची नोंद मोरोक्कोच्या औद्योगिक आणि व्यापारी मालमत्ता कार्यालयाच्या वेबसाइटवर पाहता येते. मग ईसीजीसी या निर्यातीच्या पैशांचा विमा उतरवणाऱ्या सरकारी कंपनीकडे जा, ती या खरेदीदाराची पत तपासेल आणि पैसे बुडाल्यास विम्याचं संरक्षण देईल. हप्ता हा मालाच्या किमतीतच धरा. मोरोक्कोचे आयातदार बहुतेकदा सीएफआर भाव (जहाजभाडं धरून, विमा सोडून) मागतात आणि मालाचा विमा तिकडच्या कंपनीकडे उतरवतात. त्यात एक फट राहते : पार्टीने माल नाकारला तर विमा तिचा आणि माल तुमचा. विक्रेत्याच्या हिताचा वेगळा विमा स्वस्तात मिळतो, तो घ्या. नाकारलेला माल दुसऱ्याला विकायला किंवा परत आणायला पहिल्या आयातदाराचं संमतीपत्र सहसा लागतं आणि तोवर बंदराचं भाडं चढत राहतं, हेही लक्षात ठेवा.

कागदांत चुका होतात त्या बहुधा नावात आणि आकड्यांत. सूसमध्ये ‘आयत’ने सुरू होणारी आडनावं पुष्कळ आहेत आणि रोमन लिपीत ती तीन-चार प्रकारे लिहिली जातात. एलसीत जसं आहे तसंच इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट, बिल ऑफ लेडिंग, मूळ-देश दाखला आणि फायटोसॅनिटरी (माल कीड-रोगमुक्त असल्याच्या) प्रमाणपत्रावर असू द्या, सुधारायला जाऊ नका. आकड्यांत स्वल्पविराम वापरूच नका. फ्रेंच पद्धतीत स्वल्पविराम म्हणजे दशांश चिन्ह, त्यामुळे तुमचे १,५०० किलो तिकडे दीड किलो वाचले जाऊ शकतात. लाख-हजारांचे आपले स्वल्पविराम तर त्यांना कळतच नाहीत. सगळ्या कागदांचे मसुदे जहाज सुटण्याआधी पार्टीला आणि तिच्या क्लिअरिंग एजंटला पाठवा. बिल ऑफ लेडिंग एकदा निघालं की दुरुस्तीला पैसे आणि दिवस दोन्ही लागतात. एलसीत वेगळी मुदत नसेल तर माल चढल्यापासून २१ दिवसांत कागद बँकेत द्यावे लागतात. फायटोसॅनिटरीची तारीख आणि मूळ-देश दाखला या दोन्हींसाठी थांबून ते दिवस घालवू नका. आयईसी (आयात-निर्यात क्रमांक), स्पाइसेस बोर्डाची निर्यातदार नोंदणी, एफएसएसएआयचा खाद्य परवाना, एलयूटी (जीएसटी न भरता निर्यात करण्याचं हमीपत्र), सीमाशुल्क खात्यात नोंदवायचा बँकेचा एडी कोड ही आपल्याकडची पाच कामं दुबईमुळे झाली असतील; मोरोक्कोसाठी स्पाइसेस बोर्डाच्या नोंदणीची मुदत तेवढी पाहून घ्या.

वेळापत्रक आतापासून रमजानवरून मागे मोजत आखा. हरीरा रमजानभर रोज संध्याकाळी होते आणि मसाल्याची खरेदी त्याच्या आदल्या महिन्यात होते. २०२७ चा रमजान ८ फेब्रुवारीच्या सुमारास सुरू होईल. घाऊक व्यापाऱ्याला माल डिसेंबरच्या मध्यापर्यंत गोदामात हवा. लाल समुद्रातल्या हल्ल्यांमुळे २०२३ च्या अखेरीपासून अनेक जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली, त्या वाटेने दहा-पंधरा दिवस वाढतात. म्हणून जहाज ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात सुटलं पाहिजे. नवी हळद आपल्याकडे फेब्रुवारीपासून येते, म्हणजे उन्हाळ्यात घेतलेला माल पावसाळाभर कोरड्या गोदामात राखावा लागेल. त्याचा खर्च आणि किडीसाठीची धुरी भावात धरा. बकरी ईदला सूसचे दुकानदार गावी जातात आणि कॅसाब्लांकातली दुकानं आठवडा-दहा दिवस बंद असतात. त्या काळात पैशांचा तगादा लावला तर उत्तर येणार नाही आणि त्याचा काही वाईट अर्थही नाही. मोरोक्को चंद्र स्वतः पाहतो, ईद अनेकदा आखातानंतर एक दिवस येते, तेव्हा दुबईची तारीख पाहून शुभेच्छा पाठवू नका. अमाझिग़ नववर्षाची सुट्टी तिथे १४ जानेवारीला असते, २०२४ पासून ती सरकारी आहे. त्या दिवशीच्या दोन ओळी मात्र जरूर पाठवा, फार कमी परदेशी पुरवठादार पाठवतात. कामाचे दिवस सोमवार ते शुक्रवार आहेत, सौदीसारखी शुक्रवार-शनिवार सुट्टी नाही, पण शुक्रवारी दुपारी नमाज आणि घरचं कुसकुस (रव्याचं जेवण) असतं, तेव्हा फोन टाळा. वेळ आपल्यामागे साडेचार तास, रमजानमध्ये साडेपाच.

बोलताना सुरुवात सलामने करा, मग तब्येत, मुलं, गावाकडचा पाऊस; भाव त्यानंतर. सूसमध्ये पाऊस हा खरोखरीचा चिंतेचा विषय आहे, तोंडदेखला नाही. पहिला भाव कमी करून मागितल्याशिवाय पार्टी थांबणार नाही, म्हणून वाटाघाटीला तीन-चार टक्के जागा ठेवा, पण गुणवत्तेत घट करून भाव उतरवू नका. त्याऐवजी पुढच्या खेपेला सूट द्या. ‘इन्शाअल्लाह’ आलं की नाराज होऊ नका आणि निश्चिंतही होऊ नका. प्रेमाने विचारा, ‘एलसी कोणत्या आठवड्यात उघडेल, आम्ही त्याप्रमाणे कंटेनर बुक करतो.’ तक्रार असेल तर व्हॉट्सॲप ग्रुपवर नको, एकट्याला फोन करा. व्हिडिओ कॉलवर समोरचा दिरांशीच बोलत राहिला तर दिरांनी सरळ सांगावं, भाव वहिनी ठरवतात. एवढं पुरतं; तिथल्या बँकांत आणि कंपन्यांत बायका मोठ्या जागांवर असतात, तुमच्याशी व्यवहार करायला त्यांना अडचण नाही. प्रत्यक्ष भेटलात तर हस्तांदोलनासाठी समोरच्याने हात पुढे करेपर्यंत थांबा, आणि पुदिन्याचा चहा आला की कामाचे कागद बाजूला ठेवा.

उत्तर याच आठवड्यात फ्रेंचमध्ये पाठवा, पुण्यात चांगले फ्रेंच भाषांतरकार मिळतात. पत्रात पाचच गोष्टी असू द्या : हळकुंडाचा नमुना कुरिअरने निघाल्याची तारीख, सीएफआर कॅसाब्लांका भाव आणि तो किती दिवस लागू, पैशांची अट, ऑक्टोबरची भरणी, आणि आयसीई व बँकेच्या नावाची विनंती. दीड किलोचा नमुना पुरे. अर्धा किलो ते तोडून पाहतील, अर्धा किलो दळतील, उरलेला शेजारच्या व्यापाऱ्याला दाखवतील.